लकव्याच्या पेशंटसोबत त्याची बायकोही चाचणीत नापास झाली तर

तुमचा प्रश्न मला नीट कळलाय का, ते आधी पाहतो. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहात. लकवा (मेंदूचा झटका) होऊन गेलेले अकरा जण तुमच्या यादीत आहेत. घरचे सांगतात, "हातपाय ठीक झाले, पण मानूस पयल्यासारका नाई रायला." म्हणून तुम्ही स्मरण आणि विचारशक्ती तपासणारी, मराठीतली ३० गुणांची मोका (माँट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट) चाचणी घेतली. अकराही जण २६ च्या खाली, म्हणजे नापास, आले. शंका आली म्हणून सोबत आलेल्या चार धडधाकट बायकांचीही तीच चाचणी घेतली, तर त्याही २६ च्या खाली! आता तुमचे प्रश्न दोन. कोणती चाचणी वापरावी? आणि न्यूरोलॉजिस्ट शंभर किलोमीटरवर असताना हा खटाटोप करण्यात अर्थ आहे का? शिवाय एका ५८ वर्षांच्या कापूस शेतकऱ्याचं तुम्ही खास विचारलंय. चालणं-बोलणं चांगलं आहे, पण तो हिशेबात गडबडतो आणि दिवसभर ओट्यावर बसून राहतो. त्याच्याकडे शेवटी येतो.

मी फिजिशियन आहे. वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात वीसेक वर्षं काम करतो आणि आठवड्यातला एक दिवस फक्त लकव्याच्या पेशंटच्या फेरतपासणीला ठेवतो. न्यूरोलॉजिस्ट नाही. त्यामुळे खाली जे लिहितो ते गावातल्या खोलीत, पंख्याखाली, रांग लागलेली असताना जमेल असंच आहे.

चार बायकांची चाचणी घेतलीत, हे तुमच्या सगळ्या कामातलं सर्वांत शहाणपणाचं काम. त्या चार कागदांनी तुम्हाला सांगितलं की ही चाचणी तुमच्या गावात लकव्याचं नुकसान कमी आणि शाळा जास्त मोजते. मोका २००५ साली कॅनडात तयार झाली. शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून द्यायची सोय तिच्यात आहे, पण ज्या बाईने पेन्सिल हातात धरली ती फक्त मतदान केंद्रावर सही करायला, तिला एका गुणाने काय होणार? तिला घनाकृती चौकोन काढायला सांगायचा, आकडे घालून घड्याळ काढायला सांगायचं, आकडे आणि अक्षरं आलटून पालटून जोडायला सांगायची. मूळ आवृत्तीत तर गेंड्याचं चित्र ओळखायचं असतं. आमच्याकडे एका आजीने त्याला "रानडुक्कर, पण आजारी" म्हटलं होतं. गुण शून्य. मला विचाराल तर निरीक्षणशक्ती उत्तम.

म्हणजे खरा प्रश्न "कोणती चाचणी" हा नाही. या माणसाची तुलना कोणाशी करायची, हा आहे. माँट्रियलच्या सरासरीशी केली तर अख्खं गाव आजारी ठरेल. तुलना करायची ती त्याच माणसाशी, लकव्याच्या आधीच्या. आणि आधीचा माणूस कागदावर सापडत नाही, घरच्यांच्या आठवणीत सापडतो.

पण त्याआधी एक पायरी आहे आणि ती मी स्वतः चुकून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी साठीच्या एक बाई आल्या होत्या. उजव्या बाजूचा लकवा, दोन महिने झालेले. नाव विचारलं तर भलतंच बोलायच्या, गाव विचारलं तर रडायच्या. मी चाचणी घेतली, गुण पाचच्या आसपास, आणि केसपेपरवर "स्मृतिभ्रंश" लिहून मोकळा झालो. सहा महिन्यांनी कळलं की तो कागद दाखवून घरात जमिनीची वाटणी उरकली होती, बाईंना न विचारता. त्या पुन्हा आल्या तेव्हा मी त्यांच्यापुढे किल्ली, कंगवा, चमचा, काडीपेटी ठेवली आणि म्हटलं, "ज्यानं दार उघडतात ते द्या." लगेच किल्ली दिली. "चूल पेटवायला काय लागतं?" काडीपेटी. त्यांची बुद्धी शाबूत होती, भाषा गेली होती. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की असं होतं, आणि आपल्या जवळजवळ सगळ्या चाचण्या भाषेतूनच घेतल्या जातात. तेव्हापासून "स्मृतिभ्रंश" हा शब्द मी पहिल्या भेटीत लिहीत नाही. "विचारशक्तीत अडचण, फेरतपासणी आवश्यक" एवढंच लिहितो. तुम्हीही तसंच करा. गावात कागदाला पाय फुटतात.

तर चाचणीआधी मी काय पाहतो? ऐकू येतं का. कानात मळ आहे का. मोतीबिंदू आहे का, चष्मा घरीच राहिलाय का. बोललेलं समजतं का, ते वर सांगितल्यासारखं वस्तू पुढे ठेवून. आणि डावी बाजू हरवली आहे का. हे शेवटचं फार सुटतं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही पेशंटना डावीकडचं जग जाणवतच नाही. डोळा चांगला असतो, पण लक्ष तिकडे जात नाही. घरच्यांना विचारा, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते का? दाढी एकाच गालाची होते का? माझ्याकडे ट्रे आहे. त्यावर वीस तुरीचे दाणे पसरतो आणि सगळे वेचायला सांगतो. डावीकडचे पाच-सहा दाणे सोडून पेशंट "झालं" म्हणाला की मी चाचणीचा कागद बाजूला ठेवतो. कारण तो पानाच्या डाव्या अर्ध्यातल्या प्रश्नांत नापास होणार, आणि त्याचा स्मरणशक्तीशी काही संबंध नसणार. असा माणूस बैलबंडी हाकायला बसला तर मात्र डावीकडच्या बांधावर चाक घालणारच, तेव्हा ते घरी त्याच दिवशी सांगावं लागतं.

मग मनाचं पाहायचं. लकव्यानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. नैराश्यातला माणूस प्रत्येक प्रश्नाला "मले नाई माईत" म्हणतो. विसरलेला माणूस बहुधा काहीतरी उत्तर देतो, चुकीचं का होईना. हा फरक दर वेळी खरा ठरत नाही, पण कान टवकारायला पुरेसा आहे. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागलं नाही असं झालं का, उदास वाटलं का, हे दोन प्रश्न विचाराच. उत्तर हो असेल तर जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ विचारायचं. विचारल्याने डोक्यात कल्पना घातली जात नाही. आपल्या भागात कोणत्या घरात फवारणीचं औषध नसतं? ते कुलपात ठेवायला सांगायचं, पेशंटला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन करायचा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरच्यांना लिहून द्या. काही पेशंट मात्र क्षुल्लक कारणाने रडतात किंवा हसतात आणि मिनिटभरात शांत होतात. "दुःख होतं का?" विचारलं तर नाही म्हणतात. ते नैराश्य नाही, भावनांचा ब्रेक सैल झालेला असतो. घरच्यांना एवढं सांगितलं तरी निम्मा ताण जातो.

तिसरी गोष्ट वेळेची. लकव्याच्या पहिल्या काही दिवसांत साधारण चौघांतल्या एकाला भ्रम होतो. रात्री ओरडणं, दिवसा झोप, सकाळी ठीक तर संध्याकाळी ओळख नाही. तेव्हा घेतलेल्या गुणांना काही किंमत नाही. नंतरही कधी दोन-चार दिवसांत अचानक असा गोंधळ दिसला तर चाचणी नको, कारण शोधा. लघवीचा संसर्ग, शुगर उतरणं, सोडियम कमी होणं, नवीन झटका. सोडियमचं विशेष सांगतो. बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे आणि एप्रिल-मेमध्ये ऊन पेटलंय, अशा वेळी "बुढा भ्रमिष्टासारका करते" म्हणून आणलेले कित्येक जण सोडियम भरून निघाल्यावर माणसात आलेले मी पाहिलेत. पेशंट मधल्या काळात कधी पडला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र सिटी स्कॅनला पाठवा, वाट पाहू नका.

हे सगळं पाहिलं की मग घरच्यांशी बोलणं, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त तपासणी इथेच होते. पण "विसरतात का?" असं विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात, मीही म्हणीन. काम धरून विचारा. पुरुषाला: कापूस घेऊन गेले तर किती क्विंटल, काय भाव, किती कटलं, हे आता सांगता येतं का? लकव्याआधी येत होतं का? मोटर चालू करून बंद करायची विसरतात का? बाजारातून चार वस्तू सांगितल्या तर किती येतात? बाईला: वरणात मीठ दोनदा पडतं का, कुकरवरून लक्ष उडतं का, महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाची आखणी पूर्वी एकटी करायची, यंदा केली का? प्रत्येक प्रश्नाला "आधी" आणि "आता" अशी दोन उत्तरं. आधीही जमत नव्हतं तर तो लकव्याचा दोष नाही. आधीच घसरण चालू होती, असंही कधी कधी निघतं आणि तेही कळायला हवं. शक्य असेल तर हे पेशंटच्या माघारी विचारा. नवऱ्यासमोर बायको खरं सांगत नाही, आणि सुनेसमोर सासू तर नाहीच नाही.

याच्या रीतसर प्रश्नावल्याही आहेत. नातेवाइकांना विचारायची आयक्यूकोड आहे, तिची छोटी आवृत्ती १६ प्रश्नांची आहे. मुळात ती दहा वर्षांपूर्वीशी तुलना करते, मी लकव्याआधीशी करतो. आपल्या देशातलं एक चांगलं काम म्हणजे हरियाणातल्या बल्लभगढ भागात १९९० च्या दशकात निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी बेतलेली हिंदी मेंटल स्टेट चाचणी, आणि तिच्या जोडीची रोजच्या कामांची प्रश्नावली. मोकाचीही 'बेसिक' नावाची आवृत्ती कमी शिकलेल्यांसाठी आहे, तीत चित्र काढणं-लिहिणं नाही. ऑक्सफर्डची एक चाचणी खास लकव्यासाठी बनवली आहे. तीत भाषा आणि डावी बाजू हरवणं या दोन्हींचा विचार केलाय आणि एका एकत्रित गुणाऐवजी प्रत्येक शक्तीचा वेगळा निकाल मिळतो. मला तिचा हा विचार फार पटतो. तुमच्या हातात आज यांतलं जे आहे ते वापरा. मोका वापरणार असाल तर तिचं प्रशिक्षण घ्या. आणि २६ हा आकडा विसरून पेशंट कोणत्या भागात अडला ते लिहा.

समोर बसवून मी स्वतः जे विचारतो तेही सांगतो, पण याला गुण नाहीत आणि प्रमाणपत्रासाठी याचा उपयोग नाही. तारीख विचारत नाही, ती कोणालाच येत नसते. आज वार कोणता, तुमच्या गावचा बाजार कधी, पोळा होऊन गेला की यायचाय, अमावस्येला किती दिवस आहेत, हे विचारतो. वार उलटे म्हणायला लावतो, रविवार, शनिवार, शुक्रवार असे. लक्ष टिकतं की नाही ते यात लगेच कळतं. एका मिनिटात बाजारातल्या जितक्या भाज्या आठवतील तितक्या सांगायला लावतो. लकव्यात स्मरणापेक्षा गती आणि आखणीच जास्त बिघडते, म्हणून हे फार कामाचं आहे. पेशंट तीन भाज्यांवर थांबून छताकडे बघत बसतो. पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी विचारतो, नाही आठवले तर इशारा देतो. इशाऱ्यावर आठवले तर शब्द आत आहेत, काढता येत नाहीत. मग घरी इशारे वाढवायचे, कॅलेंडर, भिंतीवरची पाटी, मोबाइलचा गजर. इशाऱ्यानेही आले नाहीत तर जास्त काळजीचं.

सावध राहायची एक मजेशीर गोष्ट सांगून ठेवतो. आमच्या ओपीडीत बाकड्यावर बसलेल्यांनी माझे पाच शब्द पाठ केले होते. एक आजोबा आत येऊन खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "चेहरा, मखमल, मंदिर... पुढचं त्या बुढीनं सांगतलं नाई." शब्द बदलत राहा आणि दार लावून घ्या.

कधी तपासायचं? दवाखान्यातून सुटताना एक ओझरती नजर, खरी तपासणी सहा आठवडे ते तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा. आधी बिघडलेलं सुधारूही शकतं आणि आधी ठीक असलेलं नंतर घसरूही शकतं, म्हणून एका भेटीवर निकाल देऊ नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अर्थ आहे का. गडचिरोलीच्या ८६ गावांत २०११ ते २०१३ मध्ये मृत्यूंची नोंद ठेवली गेली, तेव्हा दर सात मृत्यूंमागे साधारण एक लकव्याने झालेला निघाला, इतर कोणत्याही कारणापेक्षा जास्त. मेलेले मोजले गेले. जगले त्यांच्या डोक्याचं काय झालं, ते कोणत्याच रजिस्टरमध्ये नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये मांडलं की पहिल्या वर्षात ६० टक्क्यांपर्यंत पेशंटना विचारशक्तीत काही ना काही अडचण येते. आपल्याकडे हातात काठी आली की "बरा झाला" म्हणतात, आणि मग तोच माणूस बीपीची गोळी दोनदा घेतो किंवा घेतच नाही, आणि दुसरा झटका येतो. मला अर्थ तिथे दिसतो. न्यूरोलॉजिस्टशिवाय तुम्ही करू शकता अशी किती तरी कामं या तपासणीतून निघतात.

गोळ्यांची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाकडे द्या, आणि तो माणूस पेशंट नको. बीपी-शुगर धरून ठेवा, विचारशक्ती वाचवायचा याहून खात्रीचा उपाय माझ्या माहितीत नाही. खर्रा (तंबाखू-सुपारी) बंद. गोळ्यांची अख्खी पिशवी मागवून पाहा: झोपेच्या, खाजेच्या, सर्दीच्या, पोटदुखीच्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला सुस्त करतात. तसं दिसलं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून बदला. थायरॉइड, बी-१२, सोडियम, शुगर या तपासण्या लिहून घ्या. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ नक्कीच. पेशंट तरुण असेल आणि घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर ती तपासणी आधी. पूर्व विदर्भात हे विसरून चालत नाही.

आणि सांगून ठेवायच्या गोष्टी. लक्ष टिकत नसेल तर फवारणी नको. २०१७ मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने धडधाकट माणसं गेली. जे अर्ध्या लक्षाने पंप पाठीवर घेतात त्यांचं काय? ट्रॅक्टर, मोटारसायकल, विहिरीवरची मोटर, हे फेरतपासणी होईपर्यंत बंद. बँकेत किंवा तहसीलमध्ये अंगठा द्यायचा असेल तर घरातली दोन माणसं सोबत, एक नाही.

मेंदूच्या टॉनिकबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरचे विचारतील. सिटिकोलीनवर सुमारे २३०० पेशंटचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, लकव्यातून सावरण्यात फायदा दिसला नाही. बकऱ्या विकून महिनोन्महिने त्या गोळ्या घेणारी घरं मी पाहतो. तो पैसा बीपीच्या मशीनला आणि फिजिओथेरपीच्या एसटी भाड्याला जाऊ द्या.

आता तुमचा ५८ वर्षांचा शेतकरी. बोलणं चांगलं, चालणं चांगलं, हिशेबात गडबड, दिवसभर बसून. मला दोन शक्यता दिसतात. नैराश्य, किंवा मेंदूचा पुढाकार घेणारा भागच मंदावलाय. दुसऱ्यात माणूस दुःखी नसतो. ताट पुढे आलं की जेवतो, चल म्हटलं की चालतो, पण स्वतःहून उठत नाही. घरचे त्याला आळशी म्हणतात आणि भांडणं होतात. पुढच्या भेटीला त्याला बायकोसोबत बोलवा, गोळ्यांची पिशवी आणि कापूस विकल्याच्या पावत्या आणायला सांगा. आधी ते दोन प्रश्न आणि जिवाबद्दलचा तिसरा. मग ट्रेवरचे दाणे, उलटे वार, मिनिटभर भाज्या. मग त्याला बाहेर बसवून बायकोशी दहा मिनिटं. पावतीवरचं वजन आणि भाव त्याच्या पुढ्यात ठेवून विचारा, किती झाले? गेल्या हंगामात हे तोंडी करायचा, आता बोटं मोजतो, असं बायको म्हणाली, तर मोकाचे गुण कितीही असोत, मी त्याला अडचण आहे असंच धरीन. रक्ताच्या तपासण्या, बीपी, आणि दिवसाची ठरलेली कामं: सकाळी बैलांना पाणी, दुपारी शेतात एक फेरी, संध्याकाळी नातवासोबत दुकान. वेळ झाली की बायकोने आठवण द्यायची, रागवायचं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तेच प्रश्न, शब्द मात्र बदलून. मधल्या काळात घसरण दिसली, फिट आली, डोकं दुखायला लागलं किंवा पुन्हा तोंड वाकडं झालं, तर नागपूर, सावंगी किंवा सेवाग्रामचा मोठा दवाखाना, जो जवळ पडेल तिथे त्याच दिवशी पाठवा. सोबत तुमचा तो "आधी-आता"चा कागदही द्या. समोरच्या डॉक्टरला गुणांपेक्षा तोच जास्त उपयोगी पडेल.